व्यायामशाळेचे कुलूप आणि माझ्या मुलीचा पाय : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

माझी सोळा वर्षांची मुलगी पुण्यात 400 मीटर धावते. गेल्या पंधरवड्यात निवड चाचणीच्या शेवटच्या वळणावर तिच्या मांडीचा मागचा स्नायू फाटला आणि ती ट्रॅकवरच खाली बसली. भेटायला येणारे नशिबाला दोष देतात. मला ते मान्य नाही.

आमच्या भागातील सार्वजनिक मैदानावर दोन वर्षांपूर्वी खेळाडूंसाठी व्यायामशाळा बांधली गेली आणि महिन्याभरात प्रशिक्षक रुजू होईल, असा शब्द उद्घाटनाच्या व्यासपीठावरून देण्यात आला. तिला आजही कुलूप आहे. खिडकीतून बारबेल दिसतो. त्यावरचे प्लास्टिकचे वेष्टनसुद्धा निघालेले नाही. मी सहा अर्ज केले आणि सहाही वेळा ‘पद मंजूर नाही’ हेच ऐकून परतले.

तोवर मुलगी इतरांबरोबर स्ट्रेचिंग करत राहिली. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2014 मध्ये 26,610 जणांवर झालेल्या 25 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा स्ट्रेचिंगने दुखापती टळल्याचे दिसले नाही. ताकदीच्या व्यायामाने मात्र त्या एक तृतीयांशाहूनही खाली आल्या. 2019 मध्ये 8,459 खेळाडूंच्या माहितीवरून असे आढळले की, नॉर्डिक हॅमस्ट्रिंग या व्यायामाचा समावेश केल्यास नेमकी हीच दुखापत जवळपास निम्म्याने घटते. त्याला यंत्रही लागत नाही: गुडघ्यांवर उभे राहायचे, कोणीतरी मागून घोटे घट्ट धरायचे आणि कंबर न वाकवता अंग सावकाश पुढे सोडायचे. महोदय, हे मला स्नायू फाटल्यानंतर फिजिओथेरपिस्टने सांगितले.

वजन उचलले तर मुलीची उंची खुंटेल, असे मला मैदानावर अनेकांनी बजावले होते. जाणकार देखरेख असेल तर हे प्रशिक्षण मुलांसाठी सुरक्षित आणि उपयुक्त असते, असे अनेक देशांच्या तज्ज्ञांनी 2014 मध्येच एकमताने मांडले आहे. ती देखरेख करणारा माणूसच आमच्याकडे नेमला जात नाही. इमारतीला निधी मिळतो, कोनशिला बसते आणि आत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पगारापाशी सगळी व्यवस्था हात वर करते, याचा मला संताप येतो. 1952 मध्ये कुस्तीगीर खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला पाठवण्यासाठी त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांना घर गहाण ठेवावे लागले आणि ते कांस्यपदक घेऊन परतले. महाराष्ट्राला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक 2024 मध्ये नेमबाज स्वप्निल कुसाळेने मिळवून दिले. मधल्या 72 वर्षांत किती मुलेमुली अशीच ट्रॅकवर बसली असतील, याची नोंद कोणी ठेवली?

ती बरी झाली की घरी सतरंजीवर बसून मी तिचे घोटे धरीन. पण किती वेळा करायचे, भार कधी वाढवायचा आणि कुठे थांबायचे, हे मी कोणाला विचारू?

डॉक्टरांनी तीन महिने सांगितले आहेत. त्याआधी तिथे पात्र प्रशिक्षक नेमा. किल्ली पहारेकऱ्याच्या टेबलाच्या खणात आहे. मी ती पाहिली आहे.

आपली,
एका धावपटूची आई, पुणे