नानजीशेठला अमीनने हाकललं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत युगांडाचे साखरसम्राट नानजी कालिदास मेहता यांच्यावर लेख आला, वाचला, आवडला पण. पण त्यात एक मोठी चूक आहे आणि एक मोठी बाजू सुटलीय. मी साखर कारखान्यात चीफ केमिस्ट म्हणून रिटायर झालोय, आमच्या लाईनमधली बरीच मराठी पोरं युगांडा-केनियाच्या कारखान्यांत जाऊन आलीत, त्यामुळे हा विषय आमच्यात नेहमी निघतो, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

आधी चूक. लेखात म्हटलंय की युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने नानजीशेठला नेसत्या कपड्यानिशी देशाबाहेर काढलं. अहो, नानजीशेठ १९६९ मध्येच वारले! अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडा म्हणून हुकूम काढला तो ऑगस्ट १९७२ मध्ये, तेव्हा कारखाना गेला तो त्यांच्या मुलांच्या हातून. सिनेमासारखा सीन म्हणून बरं वाटतं पण पेपरात छापताना साल तरी बघावं ना.

दुसरं, आशियाई व्यापारी म्हणजे युगांडा रेल्वे बांधायला गेलेल्या मजुरांची पोरं असा सूर लेखात आहे. ते पण फारसं बरोबर नाही. रेल्वेला १८९६ ते १९०१ मध्ये तीसेक हजार मजूर नेले, ते मुख्यतः पंजाबातले, आणि त्यातले बहुतेक परत आले, अडीच हजारांच्या आसपास तिकडेच मेले. व्यापारी आले ते कच्छ-काठियावाडच्या बंदरांवरून, जहाजांत बसून, दुकान टाकायलाच. नानजीशेठ त्यातलेच, पोरबंदर संस्थानातल्या गोराणा गावचे, जन्म १८८७ चा, जातीने लोहाणा, बारा-तेराव्या वर्षी समुद्र ओलांडून गेलेला पोरगा. बुसोगा भागात दुकान टाकलं, आसपासच्या शेतकऱ्यांचा कापूस घ्यायला लागले, मग जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आणि १९२४ मध्ये लुगाझीला साखर कारखाना, युगांडातला पहिला. शाळा म्हणाल तर जेमतेम. हे सगळं खरंच मोठं आहे, यात माझं काही म्हणणं नाही. पोरबंदरला गांधीजींच्या जन्मघराजवळचं कीर्तिमंदिर पण त्यांच्याच पैशांतून उभं राहिलं, ७९ फूट उंच, गांधीजींच्या ७९ वर्षांसाठी, आणि १९५० मध्ये सरदार पटेलांनी त्याचं उद्घाटन केलं. तुमच्या लेखात याला एक ओळ आणि जुही चावला आणि केकेआरला अख्खा परिच्छेद, बरं ते पण ठीक, नातसून आहे, लोक वाचतात.

आता सुटलेली बाजू. कापूस पिकवायचा आफ्रिकन शेतकरी, पण जिनिंगचं लायसन्स त्याच्याकडे नाही, ते आशियाई नाहीतर युरोपियन माणसाकडे. भाव तेव्हाचं इंग्रज सरकार ठरवणार, कुठल्या भागातला कापूस कुठल्या जिनिंगला जायचा ते पण बांधून दिलेलं, म्हणजे शेतकऱ्याने काट्यावर माल टाकायचा आणि मिळेल ते घेऊन घरी जायचं. तो कापूस जायचा कुठे? बराचसा आपल्या मुंबईच्या गिरण्यांना. गिरणगावात जे सूत निघायचं त्यात युगांडाचा लांब धाग्याचा कापूस होता हे इथे किती जणांना माहीत असेल? १९४५ ला तिकडे दंगली झाल्या, १९४९ ला परत झाल्या, आणि ४९ च्या मागण्यांत एक मागणी सरळ होती की आमचा कापूस आम्हाला विकू द्या आणि जिनिंग पण आमचं आम्ही करू. गंमत बघा, बरोब्बर त्याच सुमाराला आपल्याकडे प्रवरेला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा करत होते. तिकडे शेतकऱ्यांच्या सोसायट्यांना जिनिंग मिळायला लागलं ते दंगली झाल्यावर, १९५० नंतरच्या दशकात.

उसाचं पण तसंच. लुगाझी काय आणि जिंजा शहराजवळचा माधवानी या दुसऱ्या गुजराती घराण्याचा काकिरा कारखाना काय, ऊस कंपनीच्या स्वतःच्या जमिनीवरचा आणि तोडायला मजूर युगांडाच्याच वेस्ट नाईल भागातून नाहीतर थेट रवांडा-बुरुंडीकडून आलेले. आपल्याकडे बीडची टोळी येते ना कोयता घेऊन, तसंच म्हणा. त्या तोडणीवाल्यांबद्दल लेखात एक शब्द नाही, साखर काय आपोआप पोत्यात पडत होती का?

मी काही शेठजींना व्हिलन म्हणत नाहीये. कारण दुसरी बाजू पण आकड्यात आहे. १९६८ ला युगांडात दीड लाख टनाच्या वर साखर निघत होती आणि आशियाई गेल्यावर ऐंशीच्या सुरुवातीपर्यंत हा धंदा जवळजवळ झोपला, देशाला बाहेरून साखर आणायची पाळी आली. कारखाना फुकट मिळाला म्हणून चालवता येतो असं नाही, बॉयलर हाऊस आणि रस आटवायचे पॅन चालवणारी माणसं लागतात, स्पेअर पार्टला डॉलर लागतात, ते आम्हाला कुणी सांगायला नको. अमीन १९७९ ला पळाला आणि मग सरकारनेच मेहता आणि माधवानी दोघांनाही परत बोलावलं.

पण परत आल्यावरची गोष्ट लेखात नाहीच! २००७ मध्ये लुगाझीच्या कंपनीला ऊस वाढवायला सरकार माबिरा जंगलातली सुमारे सात हजार हेक्टर जागा द्यायला निघालं, म्हणजे जंगलाचा जवळपास चौथा हिस्सा. लोकांनी मोबाईलवर मेसेज फिरवले की लुगाझीची साखर घेऊ नका, आणि एप्रिलमध्ये कंपालात मोर्चा निघाला तो बिघडला, एका भारतीय माणसाला रस्त्यात दगडांनी ठेचून मारलं, ज्याचा त्या कंपनीशी संबंध फक्त कातडीच्या रंगाचा. नंतर ती योजना गुंडाळली. रागाचं समर्थन कोणीच करणार नाही, पण हा राग २००७ ला अचानक उगवला नव्हता, ४५ आणि ४९ ची गोष्ट वाचकाला सांगितली असती तर त्याला तो कुठून आला ते कळलं असतं, नाहीतर वाचक काय म्हणणार, आफ्रिकन लोक कृतघ्न, आणि तुमच्या लेखाखाली लोक तेच बोलणार.

तरी विनंती एवढीच की मृत्यूच्या सालाची दुरुस्ती येत्या रविवारी छापा, आणि लेखमालेत पुढे माधवानींवर येणार असं लिहिलंय तर त्यात त्या घरात लग्न करून गेलेल्या नटी मुमताजच्या लग्नाबरोबर काकिराला ऊस घालणाऱ्या बुसोगाच्या शेतकऱ्यांना पण थोडी जागा द्या, आता तिकडे हजारो छोटे शेतकरी कारखान्याला ऊस घालतात, आणि सगळी जमीन उसाखाली गेल्यावर खायला काय पिकवायचं हा वाद तिथे बरीच वर्षं चाललाय.

आपला,
एक निवृत्त चीफ केमिस्ट, सांगली जिल्हा