एकच गाडी ठेवली

प्रिय आई-बाबा,

मोठी मोटरसायकल विकली, छोटीही विकली. दोन्हींच्या जागी मधल्या आकाराची एक घेतली, ४०० सीसीची. रोजचं जाणं-येणं आणि लांबचे दौरे आता हिच्यावरच. फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही "बरं" म्हणून गप्प बसला असता आणि रात्रभर विचार करत राहिला असता. म्हणून सगळं लिहून कळवते.

सुरुवात टायरपासून झाली. मोठ्या गाडीला पाच आठवडे हात लागला नव्हता. बटण दाबलं तर नुसती टकटक. बॅटरी उतरलेली, आणि त्या गाडीला किक नाही. चार्जर लावून शेजारी बसले होते तेव्हा मागच्या टायरकडे लक्ष गेलं. नक्षी जवळपास नव्यासारखी, पण कडेच्या रबराला केसाएवढ्या बारीक चिरा. टायरवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे १४१७ होतं. २०१७ च्या चौदाव्या आठवड्यातला टायर, न झिजता, उभ्या उभ्या वाळून गेला होता. शेजारच्या छोट्या गाडीचा टायर मात्र घासून गुळगुळीत झालेला. त्या दोन टायरांकडे मी बराच वेळ बघत बसले.

मग ब्रेकचा विचार आला आणि तो डोक्यातून जाईना. एबीएस मोठ्या गाडीला होतं, छोटीला नव्हतं. ओल्या रस्त्यावर दचकून ब्रेक दाबला की चाक जाम होतं आणि गाडी घसरते. एबीएस तो दाब क्षणाक्षणाला सोडतं-धरतं, चाक फिरतं ठेवतं. गर्दीत, पावसात मी रोज फिरत होते ती याच्याशिवाय, आणि चांगला ब्रेक कव्हरखाली झाकलेला. शिवाय दोन्ही गाड्यांचा क्लच वेगळ्या जागी पकडायचा. गाडी बदलली की पहिले काही किलोमीटर हात चाचपडत असायचा. आता बोटांना एकच सवय.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. गेल्या वर्षी एका उतारावर वळवताना मोठी गाडी कलंडली. वेग काहीच नव्हता, मला खरचटलंही नाही. पण पेट्रोलसकट २३० किलोची गाडी, त्यावर सामान. ती मला एकटीला उचलता आली नाही. रस्ता सुनसान होता. मदत मिळेपर्यंत अर्धा तास तिच्याजवळ उभी राहिले. आई, तेव्हा सांगितलं नाही, चुकलं माझं. नवी गाडी १७५ किलोची आहे. घेण्याआधी मी ती आडवी पाडून, पाठ टेकवून, पायांच्या जोरावर स्वतः उभी करून बघितली.

बाबा, तुमचं म्हणणं खरं आहे, जड गाडी मोकळ्या रस्त्यावर आडव्या वाऱ्याला हलत नाही. ही हलते. सामान लादलेलं असताना ओव्हरटेक करायचं तर आधी गिअर उतरवावा लागतो आणि समोरचा रस्ता जास्त लांबपर्यंत मोकळा हवा. म्हणून दौऱ्यावर रोजचं अंतर कमी केलंय, दीड तासाने थांबते, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठते. थांबले की आईला फोन, हे ठरलं.

देखभालही आता मनापासून होते. दर ५०० किलोमीटरला आणि पावसात भिजली की चेन पुसून तेल देते. दोन गाड्या होत्या तेव्हा एकीचं करताना दुसरीचं राहायचं. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं असतं, ते मोठ्या गाडीचं तसंच राहून गेलं होतं.

पुढच्या महिन्यात हीच घेऊन येते. तुमच्यासाठी ठेवलेलं हेल्मेट विकलेलं नाही. आणि बाबा, हिचं मागचं फुटरेस्ट मोठ्या गाडीपेक्षा चार बोटं खाली आहे. तुमचा गुडघा कमी वाकेल. एकदा बसून बघा.

तुमची,
लेक