मॉनिटर तरी मतदानाने निवडू द्या!

संपादक साहेब,
२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानाला लेकीला सोबत नेलं होतं, तेव्हा सातवीत होती, दाराबाहेरच थांबवलं तिला, पण घरी येईपर्यंत प्रश्नच प्रश्न, शाई डाव्याच बोटाला का, पुसली तर परत मत देता येतं का, मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी सातच सेकंद का दिसते. शाळेत मतदानाचं वय १८ वर्षं पूर्ण एवढंच पाठ करून घेतात, १९८९ पर्यंत ते २१ होतं हे मलाही तिच्यामुळेच शोधावं लागलं. आणि वर्गाचा मॉनिटर? तो मॅडमच ठरवतात! अहो चिठ्ठ्या टाकून पोरांकडूनच मोजून घ्यायला एक तास पुरतो. २५ जानेवारीला मतदार दिनाची नुसती शपथ म्हणून घेण्यापेक्षा त्या दिवशी हेच करा की. हरलेलं पोरगं थोडं रडेल, रडू दे.
- एक पालक, सातारा