सरांच्या जागी उभं राहायला माणसं हवीत

क्रिकेटप्रेमी मंडळींना नमस्कार,

आपले अंपायर सर गेल्या महिन्यात गेले, हे एव्हाना सगळ्यांना कळलंच आहे. या आवाहनात त्यांचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ‘पंचाचं नाव पेपरात आलं म्हणजे त्याचं काहीतरी चुकलं’ असं ते म्हणायचे, आणि त्यांनी शेवटपर्यंत स्वतःचं नाव कुठे छापू दिलं नाही. मैदानावर ‘सर’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे येतो, तेवढं पुरे.

परवा काकूंनी त्यांचा पांढरा कोट संघटनेकडे दिला. खिसे रिकामे करायची कोणाची हिंमत होईना. डाव्या खिशात सहा गुळगुळीत खडे होते. प्रत्येक चेंडूनंतर एक खडा उजव्या खिशात जायचा. चेंडू मोजायचं काउंटर त्यांनी कधी वापरलं नाही. शिवाय स्टंपांवर ठेवायच्या जादा बेल्सची जोडी, पेन्सिलीचा तुकडा, चिकटपट्ट्या आणि छोटी कात्री. चेंडूच्या शिवणीचा सुटलेला धागा कापायला ती कात्री असे. इंग्लंडचे पंच डिकी बर्ड यांनी 1974 साली ओल्ड ट्रॅफर्डच्या कसोटीत गावसकरांच्या डोळ्यांवर येणारे केस मैदानातच कापले होते, तो किस्सा सर दर मोसमात एकदा तरी नव्या पोरांना ऐकवायचे.

मी आज संघटनेचा चिटणीस असलो, तरी त्याआधी सरांच्या शेजारून धावत जाऊन बोलिंग टाकलेला मुलगा आहे. एकदा माझा चेंडू बॅटची कड घेऊन कीपरकडे गेला. मला खात्री नव्हती, कीपरही गप्प राहिला, कोणीच ओरडलं नाही. ओव्हर संपल्यावर मी हळूच विचारलं, ‘‘सर, लागली होती का?’’ ते टोपी परत देत म्हणाले, ‘‘लागली होती. तेव्हाच विचारायचं होतंस.’’ क्रिकेटचा नियम 31 तेच सांगतो. अपील झाल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देऊ शकत नाही, डोळ्यांनी स्वच्छ दिसलं तरीही. मागितल्याशिवाय मिळत नाही हे मी त्या दिवशी शिकलो, म्हणून आज संकोच न करता मागतो आहे.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. सोळा वर्षांखालच्या सामन्यात सरांनी एका मुलाला झेलबाद दिलं. सामना संपल्यावर ते स्वतः त्याच्यापाशी गेले, शेजारी बसले आणि म्हणाले, ‘‘बॅट नव्हती लागली, पॅडचा आवाज होता. चूक माझी.’’ तो मुलगा सरांच्या अंत्ययात्रेत पुढे होता. निर्णय बरोबर देणारे पंच पुष्कळ असतात हो, चूक अशी कबूल करणारा आम्ही एकच पाहिला.

ते गेल्यापासून मैदानाची काय अवस्था आहे ते बघा. गेले तीन रविवार बॅटिंग करणाऱ्या टीमचाच एखादा गडी पंच म्हणून उभा राहतोय. दोन सामने एलबीडब्ल्यूवरून भांडून अर्धवट सुटले. पंच दोन्हीकडचा नसावा ही किती साधी गोष्ट, पण कसोटी क्रिकेटमध्ये सुद्धा ती रुळायला वेळ लागला. 1986 साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडिजच्या कसोटीत आपले पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी उभे राहिले, तेव्हा कुठे तटस्थ पंचांची वाट मोकळी व्हायला लागली. सरांना या दोघांचा फार अभिमान.

म्हणून पुतळा नको, फलक नको. सरांच्या स्मरणार्थ पंच तयार करायचे, असं संघटनेने ठरवलं आहे. क्रिकेटचे 42 नियम मराठीतून समजावणारा वर्ग सुरू करायचा आहे. त्यात मुलींना प्राधान्य द्यावं असा माझा आग्रह आहे. वृंदा राठी आधी स्कोअरर होत्या, 2023 मध्ये त्या रणजी सामन्यात पंच म्हणून उभ्या राहिल्या. आपल्याकडे स्कोअरबुक सांभाळणाऱ्या मुली कमी नाहीत, त्यांना फक्त कोणीतरी ‘ये’ म्हणायला हवं.

देणगी कितीही चालेल. वह्या, नियमांची पुस्तकं, काउंटर, पांढरे कोट चालतील. हेल्मेट मात्र खरोखर हवीत. 2019 साली वेल्समध्ये क्लबच्या सामन्यात चेंडू डोक्याला लागून जॉन विल्यम्स हे 80 वर्षांचे पंच जखमी झाले आणि महिन्याभराने गेले. आमच्या पंचांना आम्ही उघड्या डोक्याने उभं करणार नाही. जुन्या खेळाडूंकडे पैसे नसतील तर महिन्यातला एक रविवार द्यावा. गुडघे दुखत असले तरी स्क्वेअर लेगला, म्हणजे फलंदाजाच्या बाजूला दुसऱ्या पंचाच्या जागी, उभं राहता येतं.

रक्कम सामन्याच्या दिवशी मैदानावर खजिनदारांकडेच द्यावी आणि पावती घ्यावी. सरांच्या नावाने दुसरं कोणी मागत असेल तर देऊ नये.

आणि एक. आमच्याकडे सरांचा धड फोटो नाही. टीमच्या फोटोत ते कधी उभे राहिले नाहीत. तुमच्या जुन्या अल्बममध्ये एखादा बोलर चेंडू टाकताना असेल आणि त्याच्या मागे वाकलेला पांढरा कोट दिसत असेल, तर तो फोटो घेऊन या. प्रत काढून मूळ फोटो त्याच दिवशी परत करू.