स्क्रीनिंग सेल्सच्या खोक्यात दुसऱ्याच बॅचचा अँटिग्राम : तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, गुणवत्ता विभाग
(रक्तगट रीएजंट)

विषय : तीन-सेल स्क्रीनिंग संचासोबत आलेला चुकीचा अँटिग्राम आणि अँटी-डी रीएजंटमध्ये न कळवता केलेला बदल

महोदय/महोदया,

आपल्या तीन-सेल अँटीबॉडी स्क्रीनिंग संचाच्या (रुग्णाच्या सीरममधील प्रतिपिंड शोधण्यासाठीच्या तांबड्या पेशींच्या तीन बाटल्या) ताज्या खेपेत बाटल्या एका बॅचच्या आहेत आणि अँटिग्रामचा, म्हणजे कोणत्या पेशीवर कोणते अँटीजन आहेत हे सांगणारा, कागद दुसऱ्याच बॅचचा आहे. फोनवर हे कळवले तेव्हा तांत्रिक विभागाने 'वॉशिंग (चाचणीत पेशी सेलाईनने धुणे) नीट होत नसेल' असे सांगितले. दुसऱ्या फोनवर 'वाहतुकीत माल तापला असेल' असे उत्तर मिळाले. दोन्ही उत्तरे इथे लागू पडत नाहीत, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

कागदाप्रमाणे पहिली सेल आर-१ आर-१ आहे, म्हणजे आरएच गटाच्या अँटीजनांपैकी डी, मोठा सी (C) आणि लहान ई (e) पॉझिटिव्ह. दुसरी आर-२ आर-२, म्हणजे डी, मोठा ई (E) आणि लहान सी (c) पॉझिटिव्ह. तिसरी डी-निगेटिव्ह, तिच्यावर लहान सी आणि लहान ई. नवी बॅच वापरात घेण्यापूर्वी ती ज्ञात प्रतिपिंडांनी तपासली जाते. त्या पडताळणीत अँटी-ई (मोठा ई) असलेल्या सीरमने पहिली सेल ३+ (ठळक पॉझिटिव्ह) दिली आणि दुसरी पूर्ण निगेटिव्ह. हे कागदाच्या नेमके उलट आहे. त्यानंतर तिन्ही बाटल्यांतील पेशींचे दुसऱ्या उत्पादकाच्या अँटीसेराने टायपिंग केले. पहिल्या बाटलीत मोठा ई आणि लहान सी आहे, मोठा सी नाही. दुसरीत मोठा सी आणि लहान ई आहे. मग लेबल भिंगाखाली धरले, तेव्हा बाटलीवरच्या आणि कागदावरच्या बॅच क्रमांकातले शेवटचे अक्षर वेगळे निघाले. बाटलीवरचा टाइप इतका बारीक आहे की सहज नजरेने हे कोणालाच दिसणार नाही.

आता वॉशिंगबद्दल. कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी १९४५ साली अँटीग्लोब्युलिन (कूम्ब्स) चाचणी मांडली तेव्हापासून वॉशिंग ही तिची दुखरी नस आहे, हे मान्य. नळीत पेशींना न चिकटलेले आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) थोडे जरी उरले तरी ते एएचजीला, म्हणजे प्रतिपिंड चिकटलेल्या पेशींचे गोळे करणाऱ्या अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिनला, आधीच निकामी करते आणि खोटा निगेटिव्ह येतो. म्हणूनच आम्ही वापरलेली पद्धत इथे देत आहोत : २ थेंब सीरम, १ थेंब ३ टक्के सेल सस्पेन्शन, ३७ अंश सेल्सिअसला ४५ मिनिटे, सेलाईनने ४ वेळा वॉशिंग, शेवटचे सेलाईन पूर्ण उपडे करून २ थेंब एएचजी, सेंट्रीफ्यूज आणि लगेच वाचन. दुसऱ्या सेलच्या निगेटिव्ह नळीत चेक सेल्स (आधीच आयजीजी चढवलेल्या पेशी) घातल्या, त्या चिकटल्या. म्हणजे एएचजी नळीत शाबूत होते आणि निगेटिव्ह खरा होता. शिवाय कच्चे वॉशिंग पॉझिटिव्हचा निगेटिव्ह करेल, पण कागदावर मोठा ई निगेटिव्ह असलेल्या सेलवर ३+ कुठून आणेल?

तापमानाचेही तसेच. माल २ ते ८ अंशांबाहेर राहिला तर पेशी फुटतात, वरचे द्रव लालसर होते, एम, पी-१ किंवा डफीसारखे अँटीजन कमजोर पडतात. आलेल्या बाटल्यांत वरचे द्रव स्वच्छ होते. आणि उष्णतेने अँटीजन फिका पडेल, तो पहिल्या बाटलीतून दुसऱ्या बाटलीत जाणार नाही.

ही केवळ छपाईची चूक म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आपला कागद समोर ठेवून वाचन केले तर काय होते ते पाहा. रुग्णाच्या सीरममध्ये अँटी-ई असेल, तर फक्त पहिली सेल पॉझिटिव्ह येईल आणि कागदानुसार ते अँटी-सी (मोठा सी) वाटेल. मग पुढच्या पॅनेलची आणि रक्ताच्या पिशव्यांची निवड मोठा सी नसलेल्या दिशेने सुरू होईल, आणि त्यांतल्या काही पिशव्या मोठा ई पॉझिटिव्ह असू शकतात. कूम्ब्स क्रॉसमॅच (रुग्णाचे सीरम पिशवीतल्या पेशींशी जुळवून पाहणे) इथे पकडेल असे आपण म्हणाल. बहुतेकदा पकडेलही. पण स्क्रीनिंग सेलवर मोठा ई दुहेरी मात्रेत (आई-वडील दोघांकडून आलेला) आहे, पिशवीतल्या दात्यावर तो एकेरी असू शकतो, आणि क्षीण प्रतिपिंड अशा पेशीवर जेमतेम दिसतो किंवा दिसतच नाही.

गरोदरपणात याहून वाईट. अँटी-सी (लहान सी) हा प्रतिपिंड गर्भाला रक्तक्षय करणाऱ्यांत अँटी-डीच्या खालोखाल गंभीर मानला जातो. आपल्या बाटल्यांत तो पहिल्या आणि तिसऱ्या सेलवर चिकटेल. कागदाप्रमाणे पहिली आणि तिसरी म्हणजे लहान ई! त्या मातेचे स्वतःचे टायपिंग बहुधा आर-१ आर-१, म्हणजे लहान ई पॉझिटिव्ह निघेल. स्वतःवरच असलेल्या अँटीजनविरुद्ध प्रतिपिंड दिसला की पहिला संशय ऑटोअँटीबॉडीचा येतो, कारण उष्ण ऑटोअँटीबॉडीत लहान ई-सारखा कल वारंवार दिसतो. ऑटो कंट्रोल (मातेचे सीरम तिच्याच पेशींशी) आणि डायरेक्ट कूम्ब्स (तिच्या पेशींवर आधीच प्रतिपिंड चिकटले आहेत का याची चाचणी) निगेटिव्ह आहे हे एखाद्याने पाहिले नाही, तर ज्या मातेचे टायटर (प्रतिपिंडाची पातळी) नियमित बघायला हवे, वडिलांचे लहान सीसाठी टायपिंग करायला हवे, तिचा अहवाल बाजूला पडेल.

तिसरी अडचण किड या रक्तगटाची, ज्यात जेके-ए आणि जेके-बी हे अँटीजन येतात. कागदावर तिसरी सेल जेके-ए दुहेरी मात्रेची दाखवली आहे. प्रत्यक्षात ती जेके-ए आणि जेके-बी दोन्ही पॉझिटिव्ह निघाली, आणि उरलेल्या दोनांतही जेके-ए एकेरीच आहे. अँटी-जेके-ए हा लपून बसणारा प्रतिपिंड. काही महिन्यांत त्याची पातळी तपासणीत न दिसण्याइतकी उतरते, पुन्हा तोच अँटीजन मिळाला की झपाट्याने चढते, आणि रक्त दिल्यानंतर काही दिवसांनी हिमोग्लोबिन घसरू लागते. एकाही सेलवर दुहेरी मात्रा नसलेला संच त्याला पकडण्यात कमकुवतच राहणार. म्हणजे ज्यांनी हा संच वापरला असेल, त्यांचे पॉझिटिव्ह निकाल नव्याने वाचावे लागतील, आणि पूर्वी रक्त घेतलेल्या किंवा गरोदर राहिलेल्या रुग्णांचे निगेटिव्ह निकालही पूर्ण भरवशाचे नाहीत. आमच्याकडे हे पडताळणीतच थांबले. इतर रक्तपेढ्यांकडे काय झाले असेल ते आपल्या वितरण यादीवरूनच कळेल.

याच खेपेतले अँटी-डी. कॅटलॉग क्रमांक तोच, टोपण तेच, माहितीपत्रकही शब्दशः तेच. मागच्या बॅचचे रीएजंट डी-सहा या अपूर्ण डी प्रकाराच्या ज्ञात पेशींशी थेट चाचणीत निगेटिव्ह होते. नव्या बॅचने त्याच पेशींवर २+ दिले. क्लोन (रीएजंटमधला प्रतिपिंड बनवणारी पेशीशाखा) बदलला आहे हे उघड आहे. दात्यांसाठी असे रीएजंट चालेल, तिथे अपूर्ण डीसुद्धा पॉझिटिव्ह धरायचा असतो. रुग्ण आणि गरोदर स्त्रियांसाठी मात्र डी-सहा न पकडणारेच हवे. अशी माता डी-पॉझिटिव्ह गर्भाच्या पेशींविरुद्ध अँटी-डी बनवू शकते; ती चुकून पॉझिटिव्ह नोंदली गेली, तर तिला २८ व्या आठवड्याचे आणि प्रसूतीनंतर ७२ तासांतले अँटी-डी इंजेक्शन मिळणारच नाही. ३०० मायक्रोग्रॅमच्या एका मात्रेने गर्भाच्या सुमारे १५ मिली तांबड्या पेशींचा बंदोबस्त होतो. ती मात्रा एका लेबलमुळे चुकावी हे आम्हाला मान्य नाही.

आमच्या मागण्या अशा. या बॅचच्या सर्व ग्राहकांना आजच लेखी इशारा द्यावा आणि संच परत बोलवावेत. केवळ आम्हाला नवा कागद ईमेल करून प्रकरण मिटवू नये. बाटल्यांचा खरा अँटिग्राम, पॅकिंगच्या वेळची नोंद आणि चूक कुठल्या टप्प्यावर झाली याचा अहवाल पाठवावा. पुढच्या खेपांत बॅच क्रमांक बाटली, खोके आणि कागद या तिन्हींवर ठळक छापावा, बारकोडसह. स्क्रीनिंग सेल्सचे आयुष्य काही आठवड्यांचेच असते, त्यामुळे बदली संच मुदत संपत आलेला नको. अँटी-डीच्या माहितीपत्रकात क्लोनचे नाव आणि थेट चाचणीत डी-सहा पकडला जातो की नाही, हे पहिल्याच पानावर लिहावे, आणि क्लोन बदलला तर कॅटलॉग क्रमांकही बदलावा.

दोन्ही रीएजंटच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांवर वेगळ्या ठेवल्या आहेत. आपला प्रतिनिधी नेण्यासाठी येईल तेव्हा तापमान नोंदणारा लॉगर असलेली पेटी घेऊन यावे. साध्या थर्माकोलच्या खोक्यात त्या दिल्या जाणार नाहीत.

आपले,
तांत्रिक पर्यवेक्षक व रक्तसंक्रमण अधिकारी

सोबत : पडताळणीची वर्कशीट, टायपिंगचे निकाल, बाटली व अँटिग्राम यांची एकत्र छायाचित्रे