बॉयलर सूटमधला फोटो

सॅन फ्रान्सिस्को
रविवार, रात्र

तीर्थरूप बाबा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी पाठवलेला फोटो पाहून तुम्ही दोघेही काळजीत पडलात आणि आईचे तर दोन दिवस जेवणात लक्ष नव्हते, असे ताईकडून कळले. म्हणून फोनवर घाईने न बोलता सविस्तर लिहायला बसलो आहे. माझी नोकरी शाबूत आहे, पगार वेळेवर होतो आणि मी कोणाच्या बोटीवर मजुरीला राहिलेलो नाही. अंगावरचा बॉयलर सूट आणि हातावरचे ग्रीस महिन्यातल्या दोन शनिवारांपुरतेच असते, आणि ते काम मी इथल्या एका जतन केलेल्या जुन्या बोटीवर आपखुशीने, बिनपगारी करतो.

बिनपगारी का, हे समजायला मलाही वेळ लागला. इथली निवृत्त माणसे, कोणी इंजिनीअर, कोणी मास्तर, कोणी नळाची कामे करणारा, पदरचे पेट्रोल घालून तासदीड तास गाडी हाकत येतात, डबा घरून आणतात, बोट जपणाऱ्या संस्थेची वर्गणी स्वतःच भरतात आणि मग दिवसभर बोटीच्या लोखंडावरचा गंज खरवडतात. त्याहून नवल म्हणजे काही ठरावीक दिवशी बॉयलर पेटवून इंजिन सुरू करतात, पण बोट दोरखंडांनी धक्क्यालाच बांधलेली असते. त्या दिवशी ती कुठे जात नाही. इंजिन हलते राहावे आणि लोकांनी ते चालताना पाहावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप. पहिल्यांदा मला हे कळेना. मग शिमग्याला रजा काढून, उभ्याने प्रवास करून पालखी नाचवायला गावी येणारे आपले चाकरमानी आठवले आणि उलगडा झाला.

बोटीचे नाव जेरेमाया ओब्रायन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'लिबर्टी' जातीच्या २,७१० मालवाहू बोटी बांधल्या, त्यांतली ही एक. मेन राज्यातल्या साउथ पोर्टलंडच्या गोदीत ती जून १९४३ मध्ये पाण्यात उतरली. लांबी ४४१ फूट आणि वेग जेमतेम ११ नॉट (तासाला वीसेक किलोमीटर), म्हणजे पाणबुडीने गाठले तर पळून सुटणे कठीणच. खलाशी व्यापारी ताफ्यातले आणि तोफांवर मात्र नौदलाचे जवान, अशा मिश्र माणसांनिशी तिने युद्धात सात सफरी केल्या. १९४४ च्या उन्हाळ्यात दोस्त सैन्य जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरले, त्या नॉर्मंडीच्या स्वारीत इंग्लंड ते फ्रान्सचा किनारा अशा ११ खेपा करून तिने सैनिक, दारूगोळा आणि वाहने उतरवली. शेवटच्या सफरीत ती ऑस्ट्रेलिया, आपले कलकत्ता, शांघाय आणि मनिला इथवर जाऊन आली. १९४६ मध्ये तिला जवळच्याच सुईसन खाडीत इतर निकामी बोटींच्या रांगेत नांगरून ठेवले ते ३३ वर्षे. तिच्या जोडीच्या बहुतेक बोटी भंगारात गेल्या. ही मात्र १९७९ मध्ये स्वतःच्या वाफेवर त्या रांगेतून बाहेर पडली. १९९४ मध्ये नॉर्मंडीच्या पन्नासाव्या वर्षी ती पनामा कालव्यातून पुन्हा फ्रान्सला गेली, आणि चालवणारे बहुतेक सत्तरीच्या घरातले. त्या स्वारीच्या मूळ ताफ्यातली परत पोचलेली मोठी बोट ही एकटीच.

बाबा, मी तिथे का जातो ते आता सांगतो. इंजिन तीन सिलिंडरचे, वाफेचे, अडीच हजार अश्वशक्तीचे आणि दोन मजले उंच. ते फिरत असताना तेलवाला त्याच्याशी ताल जुळवून उभा राहतो आणि दांडा खाली-वर होत असताना नेमक्या क्षणी हात आत घालून बेअरिंगला तळहात लावून काढतो, तापले आहे का ते पाहायला. ते पाहिले आणि मला बोटीवर नोकरी केलेले आपले आजोबा दिसले. चहाचे पातेले असो, आम्हा मुलांचा ताप असो की उन्हात तापलेला कातळ असो, त्यांचा हात असाच झटकन टेकून परत यायचा. ती त्यांची लकब आहे असे आपण समजत होतो. ते तेलवाल्याचे काम होते, हे मला त्यांच्या माघारी, इतक्या दूर येऊन कळावे याचे फार वाईट वाटले. (आई, हात घालायचे काम जुनीजाणती माणसे करतात. माझ्याकडे तेलाचे डबे भरणे आणि फरशी पुसणे एवढेच आहे.)

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी स्फोटात उडालेली फोर्ट स्टिकिन बोट आणि या लिबर्टी बोटी एकाच ब्रिटिश आराखड्याच्या वंशातल्या आहेत. म्हणजे त्या दिवसाविषयी आजोबा जे सांगत, त्यातली बोट साधारण अशीच दिसत असणार. अशा बोटींच्या इंजिनघरांत आपल्या कोकणातले आगवाले (भट्टी पेटती ठेवणारे) आणि तेलवालेही होते. इथल्या पाहुण्यांना मी ते आवर्जून सांगतो.

'माझी पोरे बोटीवर जाणार नाहीत' असे आजोबांनी ठरवले आणि त्यासाठी तुम्हाला शिकवले, हे मी विसरलेलो नाही. तुम्हाला वाईट वाटले असेल तर ते मी समजू शकतो. पण ही बोट बुडायला जात नाही. आईने इंटरनेटवर आगीची बातमी वाचली ती मे २०२० मधली. शेजारचे गोदाम जळले आणि अग्निशमन दलाच्या बोटीने पाण्याचा मारा करून ओब्रायनला वाचवले. तेव्हा मी या शहरात नव्हतो. जेवणही मी वेळेवर करतो.

आता मुख्य गोष्ट, जी मी शेवटपर्यंत टाळत आलो. छोटीच्या लग्नाला वैशाखात येणे जमेल असे दिसत नाही. व्हिसाच्या नूतनीकरणाचे कागद अजून झालेले नाहीत, आणि मधेच देश सोडला तर परत येता येईल याची खात्री वकील देत नाही. तिला हे मीच सांगेन, तुम्ही बोलू नका. हॉलचे आणि दागिन्यांचे पैसे मिळून चार लाख या आठवड्यात बाबांच्या खात्यात जमा होतील. शाकारणीचे वेगळे पाठवतो, पावसाच्या आधी कौले करून घ्या आणि बाबांनी स्वतः माळ्यावर चढू नये. माझ्यासाठी स्थळे पाहण्याचे मनावर घेतले आहे असे समजले. मी नाही म्हणत नाही, फक्त छोटीचे होऊ द्या.

आजोबांचे बोटीवरचे नोकरीचे पुस्तक देवघराच्या फडताळात असेल. त्यातल्या बोटींची नावे मला लिहून पाठवाल का?

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला,
धाकटा