निमविषारी सापाची पेटी आणि सरकणारं कुलूप: चौथ्या फोननंतर लिहिलेली तक्रार

व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या पेटीचं कुलूप सरकतं. हे मी फोनवर चार वेळा सांगितलं, आता लिहून देतो.

पेटीत वेस्टर्न हॉगनोज जातीचा साप होता, पाळीव पैदाशीतला नर, सव्वा फूट लांब. वाळू उकरायला त्याचं नाक फावड्यासारखं वर वळलेलं असतं आणि त्याच नाकाने तो काचांमधली फट रेटत बसतो. 'मागे विषदंत असलेल्या सापांसाठी सुरक्षित' असं तुम्हीच पेटीवर छापलंय, तेव्हा हे तुम्हाला सांगायला लागू नये. दातेरी पट्टीवरून कुलूप दोन दाते मागे आलं आणि साप बाहेर.

दोन दिवसांनी तो सांगलीहून आमच्याकडे ॲरिझोनात ट्यूसॉनला आलेल्या माझ्या आईला कपड्यांच्या टोपलीत दिसला. मान चपटी करून फुत्कारला, मग उलटा पडून मेल्याचं सोंग घेतलं. आई आधी नाग समजून किंचाळली, मग मेला समजून उचलायला वाकली. शेजारी माझा सहा वर्षांचा मुलगा होता.

आता आजचा फोन. तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "साप विषारी आहे का?" मी म्हटलं, निमविषारी. "हो की नाही, एवढंच सांगा." मी समजावलं: हा साप धरून चावत राहिला की मागच्या दातांवाटे विष जखमेत उतरतं, हात सुजतो, फोड येतात. प्रतिविष नाही. माणूस दगावल्याची नोंदही नाही. "मग 'नाही' लिहितो," तो म्हणाला, "आणि विषारी नसेल तर कुलपाची तक्रार सुरक्षेत बसत नाही." मी म्हटलं, मग 'हो' लिहा. "विषारी प्राणी ठेवला तर वॉरंटी रद्द होते." ही दोन्ही वाक्यं मी त्याला एकापाठोपाठ वाचायला लावली. त्याने वाचली, आणि आणखी काही मदत हवी का असं विचारलं.

आमच्या शाळेत सर्पमित्र यायचे. विषारी, निमविषारी, बिनविषारी हे तीन प्रकार आम्हाला चौथीत पाठ होते. मांजऱ्या आणि हरणटोळ मधल्या प्रकारात. तुम्ही सापांच्या पेट्या विकता आणि तुमच्या फॉर्मवर तो मधला प्रकारच नाही.

शेवटी सल्ला काय, तर काचांना चिकटपट्टी लावा! पट्टीला साप चिकटला तर सोडवताना त्याची कातडी सोलवटते. हे सापवाल्या कंपनीने सांगावं?

मागचे दात म्हणजे किरकोळ, असं धरून चालू नका. १९५७ मध्ये शिकागोचे सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट कमी वयाच्या बूमस्लँगच्या (हा मागे विषदंत असलेला आफ्रिकी साप) चाव्याने दुसऱ्या दिवशी गेले. हॉगनोज म्हणजे बूमस्लँग नव्हे, मला कळतं. पण तुमच्या छापील ओळीत दोघंही बसतात आणि दोघांनाही हेच सरकणारं कुलूप.

पूर्ण पैसे परत करा. ती ओळ पेटीवरून काढा. ज्यांनी ही पेटी घेतली त्या प्रत्येकाला कुलपाबद्दल कळवा. हे मला पैशांहून महत्त्वाचं आहे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर ॲरिझोनाच्या ॲटर्नी जनरलकडे ग्राहक तक्रार करणार, कुलपाच्या व्हिडिओसकट. तुमची पहिली पेटी मी आठ वर्षं वापरली आणि चार मित्रांना घ्यायला लावली. त्या चौघांना मी काल फोन केले.

साप सध्या घट्ट क्लिपांच्या प्लास्टिकच्या डब्यात आहे. तुमची पेटी गॅरेजमध्ये ठेवलीय, माणूस पाठवून घेऊन जा.